जहाज लागतं तेव्हा

टाळकेश्वराच्या देवळावरून दीपगृहाच्या वाटेला लागतो न लागतो तोच जहाज दिसतं. अंजनवेलच्या या सड्यावर मे महिन्याच्या अखेरीला सकाळी नऊचं ऊनही टाळू भाजतं. करवंदीच्या जाळ्यांवर धूळ बसलीय, कातळ तापायला लागलाय, आणि खाली जेटीच्या टोकाला ते लांबलचक धूड लागलेलं आहे. धूर नाही, आवाज नाही. शेजारी दोन टग डुलतायत. दगडांचा लाटरोधक बांध समुद्रात शिरलाय. त्याच्या बाहेरच्या अंगाला फेस फुटतोय, आतलं पाणी गुळगुळीत.

माझ्यासोबत पेडणे तालुक्यातला मित्र आहे, केरीचा. त्याच्या घराचा पिढ्यानपिढ्या रापणीत वाटा. तो स्वतः आता होडीवर मासे मारतो आणि हंगामात पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो. मी डिचोलीचा, खाणींच्या गावचा. समुद्राशी माझी ओळख रविवारपुरती. म्हणून मी जहाजाकडे बघतोय. तो जहाजाकडे बघतच नाही. कपाळावर हाताचा आडोसा धरून तो जहाजाच्या आजूबाजूचं पाणी न्याहाळतोय.

"एकय होडी दिसना," तो म्हणतो.

खरंच दिसत नाही. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद होणार, म्हणजे हे हंगामाचे शेवटचे दिवस. अशा दिवसांत कोकणातल्या कुठल्याही खाडीच्या तोंडाशी होड्यांची झुंबड असते. इथेही होड्या आहेत, पण त्या लांबून, वळसा घालून चालल्यात. जेटीभोवतीचं पाणी मोकळं आहे. तिथे कुंपण नाही, साधा दोरही नाही. तरी प्रत्येक तांडेलाला ती हद्द पाठ असावी, असं होड्यांच्या चालीवरून दिसतं.

कारण जहाजाच्या पोटात जे आहे, त्याच्याजवळ कुणालाच फिरकू देत नाहीत. नैसर्गिक वायू उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो आणि सहाशे घनमीटर वायू एका घनमीटरात मावतो. समुद्रापलीकडून वायू आणायचा तर हाच मार्ग. अशा एका जहाजात साधारण दीड लाख घनमीटर द्रव मावतो. तो जेटीवरच्या नळ्यांतून किनाऱ्यावरच्या टाक्यांत उतरवायचा, ऊब देऊन त्याचा पुन्हा वायू करायचा आणि पाइपात सोडायचा. उतरवायला जवळजवळ एक दिवस जातो. तेवढा वेळ हा समुद्र जहाजाचा.

मित्र खिशातून तंबाखूची पुडी काढतो, मग दीपगृहाच्या पहारेकऱ्याकडे बघून परत ठेवतो.

आम्ही इथे का आलोय, हे सांगायला हवं. उत्तर गोव्यात घरगुती गॅसच्या नळ्या टाकण्यासाठी रस्ते खणले जातायत. पावसाच्या तोंडावर खणतात आणि वरवर बुजवतात, मग पहिल्या सरीत दुचाकीचं चाक त्यात रुततं. ग्रामसभांत यावर आवाज चढतो. गॅसला कुणाचा विरोध नाही, तक्रार फक्त खड्ड्यांची आहे. अशाच एका सभेनंतर मित्राने विचारलं की हा गॅस येतो तरी कुठून. आमच्या समोरच्या समुद्रात तर निघत नाही. मुंबई हाय आणि वसईचं वायुक्षेत्र वर उत्तरेला. ते १९७४-७६ च्या सुमाराला सापडले आणि तिथला वायू उरण आणि हजिऱ्याला किनाऱ्यावर येतो. गोव्याला मिळतो तो दाभोळ-बेंगळुरू वाहिनीतून. ही वाहिनी २०१३ मध्ये सुरू झाली, आणि झुआरीनगरचा खत कारखाना नाफ्था सोडून वायूवर गेला तोही त्याच सुमाराला. दाभोळला वायू दोन बाजूंनी पोचतो. उत्तरेकडून पनवेलमार्गे पाइपातून येतो आणि समोरून जहाजातून. म्हापशातल्या कुणाच्या शेगडीत पेटलेली ज्योत गुजरातेतून आली की कतारहून, हे खुद्द कंपनीलाही सांगता येणार नाही. पण एक तोंड इथे आहे, आणि ते बघायचं म्हणून आलो.

काल येताना जयगडला फेरीबोट पकडली. तिथे २०२१ च्या एप्रिलमध्ये 'होएग जायंट' नावाचं जहाज आलं होतं. भारतातलं पहिलं तरंगतं वायू-टर्मिनल म्हणून त्याचा गाजावाजा झाला. जमिनीवर टाक्या बांधायची गरज नाही, जहाजच टाकी आणि जहाजच कारखाना. ते जहाज आज जयगडला नाही. करार फिसकटला आणि ते निघून गेलं. तवसाळला उतरताना मित्र म्हणाला होता, "ही बरी सोय. नको झालं की नांगर उचलला." इथे अंजनवेलला मात्र सगळं काँक्रीटमध्ये आहे. नांगर उचलायची सोय नाही.

सड्यावरून उतरून आम्ही प्रकल्पाच्या भिंतीकडेने चालायला लागतो. भिंत संपता संपत नाही. वर काटेरी तार, आत उंच धुराडी, त्यातून आत्ता काहीच बाहेर पडत नाहीये. वायूच्या तीन टाक्या एखाद्या गावच्या देवळाला झाकून टाकतील एवढ्या मोठ्या. रस्त्याच्या या बाजूला आंब्याची बाग, रखवालदाराची खोप, त्यापुढे काजूच्या बियांची रास. फाटकावर पाटी आहे, आणि पाटीवर जे नाव आहे ते या जागेचं पहिलं नाव नव्हे. गावात अजून कुणी नवं नाव घेत नाही. मघाशी रिक्षावाल्याला आम्ही "एलएनजी टर्मिनल" म्हटलं तर तो म्हणाला, "म्हणजे एन्रॉनला ना?"

एन्रॉन ही कंपनी २ डिसेंबर २००१ रोजी अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. जगाच्या दृष्टीने तो विषय तिथे संपला. गुहागर तालुक्यात ती कंपनी अजून पत्ता सांगायला उपयोगी पडते.

एन्रॉनच्या इथल्या वीजप्रकल्पाचा सामंजस्य करार झाला २० जून १९९२ ला. वीजखरेदीचा करार ८ डिसेंबर १९९३ चा, वीस वर्षांचा. जागतिक बँकेने त्या आधीच हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही असं सांगून पैसे द्यायला नकार दिला होता. १९९५ ची निवडणूक या मुद्द्यावर तापली. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा गोपीनाथ मुंड्यांनी केली आणि युतीचं सरकार आल्यावर ३ ऑगस्टला करार रद्दही झाला. पुढच्या जानेवारीत तोच प्रकल्प, फेरवाटाघाटी करून, आणखी मोठा होऊन परत आला. मे १९९६ मध्ये तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने जाता जाता केंद्राची प्रतिहमी मंजूर केली. बुडवायला निघालेल्यांनीच तो तरंगता ठेवला. १९९९ च्या मे महिन्यात पहिला टप्पा नाफ्थ्यावर सुरू झाला. विजेचा दर काही महिने युनिटमागे सात रुपयांच्या वर गेला, महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचं कंबरडं मोडलं, माधव गोडबोले समितीने करारांची चिरफाड केली, आणि २००१ च्या मे महिन्यात प्रकल्प बंद पडला. तेव्हा दुसरा टप्पा जवळजवळ पुरा होत आला होता. ओमान आणि अबू धाबीहून द्रवरूप वायू आणायचे करार झाले होते, पण वायूचं जहाज काही आलं नाही. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही सरकारी कंपन्यांची नवी कंपनी निघाली. वायूचं टर्मिनल चालू व्हायला २०१३ उजाडलं, आणि बांध अपुरा असल्यामुळे पुढची कितीतरी वर्षं पावसाळ्यात ते बंद ठेवावं लागायचं. २०१८ मध्ये टर्मिनल वेगळं काढून कोकण एलएनजीकडे दिलं गेलं.

हे सगळं मी मित्राला चालता चालता सांगतोय. तो ऐकतोय आणि मधेच थांबून कुंपणाखालून वाहणारं गटार कुठे जातं ते वाकून बघतोय. "हे सगळं पैशांचं झालं," तो म्हणतो. "होडीवाल्यांचं कुठे आलं यात?"

प्रश्न बरोबर जागी लागतो. एन्रॉनवर मराठीत आणि इंग्रजीत ढीगभर लिहिलं गेलं. त्यातलं बहुतेक दरांबद्दल आहे. युनिट केवढ्याला, भांडवली खर्च किती फुगवला, कुणी किती खाल्ले, डॉलर चढला तर कोण बुडणार. ते लिहिणं गरजेचं होतं आणि बहुतांशी खरंही ठरलं. पण त्या भांडणात गाव होता तो फोटोपुरता. शहरातल्या विरोधकाला करार रद्द व्हायला हवा होता. इथल्या माणसाचं म्हणणं वेगळं होतं. समुद्रात जायची वाट राहणार का, खाडीच्या तोंडाशी मासा राहणार का, विहिरीला पाणी राहणार का, आणि आम्हाला विचारलं कुणी? दर स्वस्त असता तरी हे प्रश्न होतेच. दराचं भांडण २००१ मध्ये एका अर्थी जिंकलं गेलं. ते जिंकणारे घरी गेले. हे प्रश्न भिंतीकडेला राहिले.

वेलदूरचा धक्का येतो तो वासाने. सुका जवळा, डिझेल, आणि ओल्या दोरांचा वास. खाडी इथे रुंद आहे, पलीकडे दाभोळ. अर्ध्या होड्या वर ओढून घेतल्यात. त्यांना शाकारायचं काम चाललंय. पूर्वी माडाच्या झापांनी शाकारत, आता निळी ताडपत्री आणि वरून थोडे झाप, म्हाताऱ्यांच्या समाधानासाठी. दोघंजण एका लाकडी होडीच्या तळाच्या फटींत कापूस ठासतायत. एकजण बोटाने फट चाचपतो, कापसाची वात तिच्यात बसवतो, बोथट पटाशी टेकवून हातोडीचे तीन हलके ठोके देतो आणि कान लावून ऐकतो. आवाज भरीव आला की पुढची फट. मित्र उकिडवा बसून बघत राहतो. गोव्यात आता बहुतेक फायबरच्या, त्याला हे काम बघून किती दिवस झाले कोण जाणे. बोलणं सुरू होतं ते कापसापासून.

"कुठनं आलात?"

"गोव्यातनं. पेडणे."

"मग बांगडा तिकडेच हाय सगळा," फटीवरून नजर न काढता तो माणूस म्हणतो. "आमच्याकडे पर्ससीनवाले ठेवतायत काय?"

पुढचा बराच वेळ एन्रॉन नाही, गॅस नाही. पर्ससीन जाळी आणि रात्री दिवे पेटवून होणारी मासेमारी. राज्य सरकारने २०१६ मध्ये पर्ससीनवर बंधनं घातली, केंद्राने २०१७ मध्ये एलईडी दिव्यांवर बंदी आणली, आणि दिवे लागायचे ते लागतातच, यावर केरी आणि वेलदूरचं तात्काळ एकमत होतं. मला हे थोडं अवघड जातं. मी विरोधाची गोष्ट शोधत आलोय आणि इथल्या माणसाला विचारलं तर त्याच्या त्रासाच्या यादीत कंपनी तिसऱ्या नंबरावर आहे. पहिला पर्ससीन, दुसरं डिझेल.

"आणि जहाज?" मी विचारतो.

"जहाज लागलं की पुढं जाता येत नाय. वळसा मारायचा. वळशाचं डिझेल कोण देतो?"

म्हणजे तिसरा नंबर दुसऱ्यातच मिसळलेला. तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नाही. भरतीची वेळ सांगावी तसं सांगतो. कापूस ठासणारा दुसरा, वयाने लहान, त्याची पँट कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराची आहे. आत काम मिळतं का, विचारल्यावर म्हणतो, मिळतं, बंद होतं, परत मिळतं. आत्ता बंद आहे, म्हणून हातोडी. त्याच्या बोलण्यात राग आहे तो ठेकेदारावर. प्रकल्प जावा असं त्याला मुळीच वाटत नाही; उलट धुराडी पेटावीत, असंच त्याला वाटतं. २०१५ च्या नोव्हेंबरपासून इथली वीज रेल्वेला जायला लागली तेव्हा काही वर्षं बरी गेली, असं तो सांगतो. १९६७ मेगावॅटचा प्रकल्प. त्याचा थोडा भाग चालला तरी गावात दुकानं चालतात.

थोड्या अंतरावर एक आजी सुकी मासळी निवडतेय. बांबूच्या सुपात जवळा, त्यातून ती छोटे खेकडे आणि शिंपल्यांचे तुकडे वेचून बाजूला टाकते. बोटं इतकी सवयीने चालतात की नजर आमच्यावर ठेवूनही चूक होत नाही. मित्र तिच्यापुढे बसून भाव करायला लागतो. भाव ठरतो. मग तो, गोंयकाराच्या भाबडेपणाने, सरळ विचारतो, "मावशी, तुम्ही होतात त्या वेळी? सत्त्याण्णव साली?"

आजी सूप एकदा पाखडते.

"ते सगळं लिहिलेलं हाय," ती म्हणते. "वाचा की. जवळा पाव किलोच घेणार?"

लिहिलेलं आहे, हे खरं. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने १९९७ च्या जुलैमध्ये आणि ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ च्या जानेवारीत या किनाऱ्याबद्दल अहवाल काढले. प्रकल्पाविरुद्ध मोर्चे काढणाऱ्यांवर जमावबंदी, तडीपारी, अटका; मेधा पाटकर आणि निवृत्त न्यायमूर्ती कोळसे-पाटील यांच्यासारख्यांनाही तालुक्यात पाय ठेवू न देणं. आणि ३ जून १९९७ ची पहाट. पुरुषमंडळी समुद्रावर गेलेली असताना पोलीस वेलदूरमध्ये घुसले, दारं फोडली, बायकांना घरांतून ओढून लाठ्यांनी मारलं, गाडीत घातलं. त्यांत गरोदर बाई होती, पोरी होत्या. प्रकल्पाच्या बंदोबस्तावर असलेल्या राज्य राखीव पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, हे ह्यूमन राइट्स वॉचने नोंदवलं, आणि एका खाजगी कंपनीला मानवी हक्कांच्या भंगात भागीदार ठरवणारा तो अहवाल जगभर गाजला. दिल्लीत किंवा एन्रॉनच्या ह्यूस्टनमध्ये कुणाला त्यासाठी शिक्षा झाल्याचं काही वाचायला मिळत नाही. एन्रॉनचे अधिकारी पुढे तुरुंगात गेले ते हिशेबाच्या लबाडीसाठी.

मित्राने हे वाचलेलं नाही. मी हळू आवाजात सांगतो. तो आजीकडे बघत नाही. "अर्धा किलो द्या," एवढंच म्हणतो.

माझ्या डोक्यात डिचोली चालू होते. ती इलाज नसल्यासारखी होतेच. शिरगाव आणि मुळगावच्या विहिरी खाणीने आटल्या, शेतात लाल गाळ भरला, तेव्हाही बाहेरच्या जगात गाजला तो टनांचा हिशेब. बेकायदा खनिज किती, सरकारचं नुकसान किती. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणी थांबवल्या, फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द केल्या. पुढे लिलाव झाले आणि मुळगाव-डिचोलीचा पट्टा पुन्हा खणायला घेतला गेला, तेव्हा गावकऱ्यांची मागणी तीच, पहिल्या दिवसापासूनची. आमची घरं, देवळं, तळी, शेतं लीजच्या नकाशातून बाहेर काढा. नकाशा वाचायची वेळ आली की शहरातल्या विरोधकाला झोप येते. गावाचं सगळं भांडण मात्र त्या नकाशावरच असतं.

धोपाव्याला फेरीबोट लागलीय. दाभोळला जाऊन लगेच परत यायचं, खाडीच्या मधून किनारा बघायचा, एवढाच बेत. मोटारी, दुचाक्या, एक आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो, आणि कठड्याला टेकून मघाच्या कापूस ठासणाऱ्यांपैकी थोरला. दाभोळात इंजिनाचा एक भाग आणायचाय त्याला. मित्राला बघून तो जागा करून देतो.

बोट सुटते. पाणी गढूळ, हिरवट. मागे धुराडी आणि टाक्या आता एका ओळीत दिसतात. पुढे दाभोळ, बंदराच्या जुन्या वैभवातलं उरलंसुरलं, काठालगतची ती देखणी मशीद. आदिलशाहीत इथून मक्केला जहाजं जात. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेइदाने हे शहर जाळून बेचिराख केलं. गोवा त्यांनी घेतला तो त्यानंतर, १५१० मध्ये. म्हणजे परकी जहाज दाभोळच्या तोंडाशी येऊन उभं राहण्याची गोष्ट इथे नवी नाही. अर्थात आल्मेइदाने सामंजस्य करार केला नव्हता.

"तुमच्याकडे विमानतळ झाला ना मोठा?" वेलदूरचा माणूस विचारतो.

"मोपा. आमच्याच तालुक्यात."

"विरोध होता म्हणे."

मित्र सांगायला लागतो. मोप्याच्या सड्यावरची शेतं, काजू, गुरांचं चरण, धनगरांची घरं. शेतकऱ्यांची समिती, कोर्टकज्जे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या मार्चमध्ये पर्यावरण परवाना अडवला, २०२० च्या जानेवारीत सोडला. डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन. मग तो तेरेखोलचं सांगतो. तिथे गोल्फच्या मैदानासाठी २०१५ मध्ये बुलडोझर आले तेव्हा गावकरी आडवे झाले आणि कुळांनी जमीन सोडायला नकार दिला. हे सांगताना तो सरळ उभा राहतो. मोप्याचं सांगताना कठड्यावर रेललेला होता.

"तेरेखोल लहान गाव?"

"मूठभर घरं."

"मग बरोबर. मूठभर असली की एकत्र राहतात. आमच्यात फूट पडली ती पैशांनी. काहींना ठेका, काहींना गाडी लावायला. आधी सगळे एका बाजूला होते." तो थुंकायला वळतो, खाडीत नको म्हणून थांबतो, गिळतो. "आणि विमान उतरतं तेव्हा तुम्हाला काय बंद?"

मित्र हसतो. "आमका? रस्तो." मग गंभीर होऊन मराठीत, "विमान उतरताना नव्हे. कायमचाच. जुनी पायवाट होती ती कुंपणात गेली. नवा रस्ता मोठा झालाय, पण तो गाड्यांचा. गुरं घेऊन कुणी जाईल त्यावरून?"

"नकाशा दाखवला होता आधी?"

"पंचायतीत लावलेला म्हणे. कुणी बघितला?"

"आम्हालापण दाखवलेला," वेलदूरचा माणूस म्हणतो, "समुद्र कोरा होता त्यात. जमिनीवर रेघा, सर्वे नंबर, सगळं. पाण्यात काय नाय. आमची जाळी लावायची जागा कुठं दाखवणार तुम्ही? तिला सातबारा नाय."

हे मी वहीत टिपून घेतो. पाण्याला सातबारा नसतो म्हणून भूसंपादन होत नाही, भूसंपादन नाही म्हणून मोबदला नाही. कायद्याच्या नजरेत इथल्या समुद्रातून कुणालाही उठवलेलं नाही. कोकणच्या किनाऱ्यावर बंदर येवो, टर्मिनल येवो, पहिली ठिणगी पडते ती इथेच. सरकार एकरांत मोजतं, मच्छीमार वावांत आणि भरतीच्या वेळांत, आणि दोघांच्या वह्यांचा मेळ घालायला कुणी बसत नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर तरी कुठे वेगळं आहे? मोरजी-मांद्र्याला कासवांसाठी पट्टा राखून ठेवलाय, तो योग्यच आहे. पण रापण कुठून कुठे ओढायची, हे ठरवताना रापणकारांना शेवटी बोलावतात.

मित्राने फोन काढलाय. उपग्रहाच्या नकाशावर पेडणे उघडून तो वेलदूरच्या माणसाला दाखवतोय. ही केरी, ही तेरेखोलची नदी, हा किल्ला. बोट सरकवत वर मोपा. लांबलचक राखाडी पट्टी. "ही धावपट्टी. आणि ही बघ, इथून वाट होती." वेलदूरचा माणूस फोन हातात घेतो, नकाशा दोन बोटांनी वर, उत्तरेला ढकलत आणतो, वेंगुर्ला, मालवण, रत्नागिरी, जयगड, आणि दाभोळच्या खाडीवर येऊन थांबतो. जेटी दिसते. तिथे फोटो काढला त्या दिवशीही जहाज लागलेलं असावं. एक लांब लाल रेघ आहे.

"इथं," तो पाण्याच्या निळ्या रंगावर नख टेकवतो. "इथं डोल लावायचा माझा बाप. आणि इथं. आणि ह्या खडकाच्या भायेर सरंगा."

"खडक खंय दिसता?"

"दिसत नाय. पाण्याखाली हाय. आपल्याला म्हायती."

"मग खूण करून ठेव ना," मित्र म्हणतो आणि फोनवर पिन कशी टोचायची ते दाखवायला लागतो. पहिली पिन चुकून जमिनीवर पडते, प्रकल्पाच्या आवारात. ती काढायची कशी यावर दोघांचं जुंपतं. दाभोळचा धक्का आलाय, पुढची फळी खाली आपटते, खलाशी ओरडतोय, टेम्पोवाला मागून हॉर्नवर हॉर्न देतोय, आणि हे दोघं वाटेच्या मधोमध उभे राहून खडकाला नाव काय द्यायचं ते ठरवतायत.